ताडपत्रीखालची देवी

चहा ओता आणि बसा जरा निवांत. फजित्या मी आयुष्यात पुष्कळ केल्या, पण बहुतेक माझ्या एकट्याच्या होत्या. ही एक अशी, की तिच्यात मी माझी आई, माझे आजारी वडील, मामाची टॅक्सी आणि एक आठ हातांची देवी, सगळ्यांनाच ओढलं. हसू आलं तर हसा, मी राग धरणार नाही. मात्र आधीच सांगून ठेवतो, गोष्ट तशी उदास आहे.

आम्ही मुलुंडचे. आमचे अण्णा चेकनाक्यावर जकातीला कारकून होते. आता जकातही गेली आणि ती रांगही गेली, पण तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, बाहेरून मुंबईत शिरणाऱ्या ट्रकला नाक्यावर थांबावंच लागे. ट्रकात काय आहे हे विचारण्यात अण्णांचं आयुष्य गेलं. आता असा माणूस सुट्टीत बायकोमुलाला घेऊन वज्रेश्वरीला निघाला, तर त्याने खिडकीतून काय बघावं? डोंगर? झाडं? नाव नको. समोरून ताडपत्री टाकलेला ट्रक दिसला की माझ्या मांडीवर चापट मारून म्हणायचे, "विजू, ओळख."

हा आमच्या घरचा खेळ. दुसऱ्यांच्या घरी प्रवासात भेंड्या लावत, आमच्याकडे ट्रकातला माल ओळखत. अण्णा बरोबर ओळखायचे. मी ठामपणे ओळखायचो. या दोहोंत फरक असतो हे मला फार उशिरा कळलं.

एकदा भिवंडीच्या रस्त्याला एका ट्रकाची ताडपत्री मध्येच उंच झालेली होती आणि हलत होती. मी म्हटलं, उंट. आई म्हणाली, अरे उंटाला मान असते. मी म्हटलं, बसलाय तो, मान खाली घालून. पुढे ढाब्यावर तो ट्रक थांबला आणि ताडपत्रीखालून दोन हमाल बाहेर आले. एकाच्या हातात पत्ते होते. अण्णा नुसते रुमालाने डोळे पुसत राहिले. परतीच्या वाटेवरही मध्येच त्यांचे खांदे हलायचे, आणि आम्ही समजायचो की उंट आठवला.

तर असा हसता माणूस. त्या वर्षी दिवाळी झाली आणि नाक्यावर कामावर असतानाच अण्णांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

बोरिवलीचे एक डॉक्टर मामाच्या ओळखीचे होते, म्हणून त्यांना तिकडे ठेवलं. आई जायची, त्यांच्याशी बोलायची. आज दूध नासलं, शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं, असलं काहीबाही. अण्णा ऐकायचे. मग त्यांचे ओठ हलायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची, चेहरा लाल व्हायचा आणि काही म्हणजे काही बाहेर यायचं नाही. मग ते भिंतीकडे तोंड करायचे. मला ते बघवायचं नाही. मी पाणी आणतो म्हणून बाहेर जायचो आणि जिन्यात उभा राहायचो.

घरात वाचा एकाची गेली होती आणि गप्प सगळे झाले होते. रेडिओसुद्धा कोणी लावत नव्हतं.

रविवारी मामा त्याच्या टॅक्सीतून आम्हाला न्यायचा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ बाळू, काळ्यापिवळ्या फियाटचा मालक आणि ड्रायव्हर दोन्ही. त्या दिवशी मीटरवर फडकं बांधायचा, म्हणजे वाटेत कोणी हात करू नये. भांडुप, कांजूर, पवईवरून आरे कॉलनीतून हायवेला लागायचं आणि तिथून सरळ बोरिवली. आई मागे बसायची, मांडीवर मऊ भाताचा डबा. एवढ्या वाटेत तिघांत मिळून चार वाक्यं व्हायची नाहीत.

मला शांतता सोसत नाही. मी आपला एकटाच खेळायला लागलो. ट्रक दिसला की म्हणायचो, सिमेंट. दुसरा आला, म्हणायचो, गूळ. खरं काय होतं देव जाणे, सांगणारा तर भिंतीकडे तोंड करून पडलेला. एकदा मामा वैतागून म्हणाला, "विज्या, गप बस ना रे जरा." तर मागून आई म्हणाली, "बोलू दे त्याला." एवढंच. मग मी बोलत राहिलो.

आता तो रविवार. आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी मामाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बोलणं काय यायचं ते सुरुवातीच्या दिवसांतच येतं, पुढे फार आशा धरू नका. मामाने ते मला सांगितलं. आईला कोणीच सांगितलं नाही, पण तिला ते कळलं होतं. कसं कळलं विचारू नका, आयांना कळतं.

मालाड मागे पडलं आणि हायवेच्या कडेला एक ट्रक उभा दिसला. चाक पंक्चर. ड्रायव्हर जॅक लावून बसला होता. वाऱ्याने ताडपत्रीची एक बाजू सुटून उडत होती, आणि आत, काय सांगू, हात दिसत होते. एक नव्हे, दोन नव्हे, एकाखाली एक, एकात तलवार, एकात त्रिशूळ. खाली माणसाच्या छातीएवढं शेंदरी पाऊल. आणि तोंडाला गोणपाट गुंडाळलेलं.

मी म्हटलं, "देवी."

मामाने गाडी हळू केली. म्हणाला, "एवढी मोठी?"

"मोठीच असणार. नवं देऊळ बांधलं असेल कोणी. प्रतिष्ठापनेला चालली आहे. तोंड झाकलंय बघ."

तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? गणपती घरी आणताना आपण तोंडावर रुमाल टाकतो की नाही? प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत देवाचं तोंड उघडं ठेवत नाहीत, हे कुठल्याही मराठी पोराला ठाऊक असतं. आठ हात, शेंदरी पाय, झाकलेलं तोंड. याच्यापुढे अजून काय पुरावा हवा? मी जकात नाक्याच्या कारकुनाचा मुलगा होतो. माझी खात्री पटली होती.

मागून आई म्हणाली, "बाळू, गाडी थांबव."

तिने डबा सीटवर ठेवला, चपला गाडीत काढल्या आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी चालत गेली. ट्रकच्या फाळक्यापाशी उभी राहिली, हात वर करून त्या पावलाला हात लावला आणि पदर पसरला. मी मागेच होतो. ती मोठ्याने बोलली नाही, पण मला ऐकू आलं. म्हणाली, "ह्यांना बोलतं कर आणि घरी आण. तू जिथे बसशील तिथे येऊन तुझी खणानारळाने ओटी भरीन."

आपण एवढं तरी आईसाठी केलं, असं मला वाटलं. असं वाटलं की मी थांबत नाही, हा माझा दोष आहे. मी पुढे होऊन ड्रायव्हरला विचारलं, "भैयाजी, माताजी कहाँ जा रही हैं?"

तो पान्याने नट आवळत होता. म्हणाला, "बोरिवली के जंगल में उतारने का है. कल सुबह सब बड़े लोग आएँगे."

मी आईकडे वळून सांगितलं, "बोरिवलीच्या जंगलात देऊळ आहे. उद्या सकाळी बसणार. मोठमोठे लोक येणार आहेत."

तेवढ्यात एक स्कूटर थांबली. नवरा-बायको. बाईंनी डोक्यातला गजरा काढून पावलावर ठेवला. मग बसस्टॉपवरची चार माणसं आली. कोणाची देवी, कुठली देवी, असं मला विचारायला लागली, कारण मी तिथे अधिकारी असल्यासारखा उभा होतो. मी सांगितलं, राजस्थानातून घडवून आणली. एका शेठचा नवस होता, मूल झालं म्हणून देऊळ बांधलं. हे कुठून आलं मला विचारू नका, तोंडातून आलं. एकाने कुठून तरी नारळ पैदा केला आणि ट्रकच्या बंपरवरच फोडला. इतकं झाल्यावर तो ड्रायव्हरही बिचकला. ज्याने तो माल स्वतः चढवला होता, त्या माणसाने विडी विझवली, चपला काढल्या आणि हात जोडले.

तुम्ही म्हणाल इथेच फजिती. नाही हो. इथे तर नुसतं पीठ मळलं.

काही आठवड्यांनी अण्णांना घरी सोडलं. काठी टेकत, डावा पाय टाकून उजवा ओढत, पण स्वतःच्या पायांनी ते जिना चढले. आईने उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला आणि मग आत जाऊन रडली. घरी आले, पण बोलणं नाही. दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसायचे. आमच्या गॅलरीतून रस्ता दिसत नाही, मागची भिंत दिसते. लांबून ट्रकचा हॉर्न ऐकू आला की त्यांचं डावं बोट मांडीवरून वर उठायचं आणि ते माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "कांदे असतील, अण्णा." ओठ हलायचे, हलायचे, आणि बोट परत खाली जायचं. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

आईने मनाशी हिशेब केला होता. एक दिवस भाजी निवडता निवडता मला म्हणाली, देवीने माणूस घरी आणून दिला. राहिलं ते आपल्यामुळे राहिलं. ती आपल्या ओटीची वाट बघते आहे.

मी म्हटलं, आपल्या मुलुंडच्या देवळात जाऊ, देवी सगळ्या एकच.

आई म्हणाली, "मी बोलले एकीशी आणि जाऊ दुसरीच्या दारात? तूच सांगितलंस ना कुठे बसणार म्हणून? चल घेऊन."

आता आली का पंचाईत? मी म्हटलं, आधी मी रस्ता बघून येतो. आणि बोरिवलीला जाऊन त्या जंगलाच्या कडेकडेने हिंडू लागलो. दोन देवळं सापडली. एकातल्या पुजाऱ्याला विचारलं, राजस्थानातून आलेली आठ हातांची देवी कुठे बसली? त्याने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. एका पाड्यावरच्या म्हाताऱ्याने सांगितलं, इकडे वाघ आहे, देवी नाही. शेवटी मी एका टपरीवर चहा घेत बसलो आणि टपरीवाल्याला सहज विचारलं.

तो म्हणाला, "ती होय? शूटिंगवाल्यांची. डाकूंचा अड्डा लावला होता ना इथे वर. देवीसमोर बाई नाचवली, मग मारामारी झाली, मग सगळं सामान अंधेरीच्या गोदामात गेलं."

मी दुसरा चहा मागितला. पहिला हातात तसाच होता.

गोणपाट का गुंडाळलं होतं म्हणता? नाकाचं टोक मोडू नये म्हणून.

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. घरी येऊन म्हणाला असता, आई, माझी चूक झाली. मी अंधेरीला गेलो. मला वाटलं, सिनेमाची का होईना, मूर्ती तर मूर्ती आहे. आईला एका कोपऱ्यात नेऊ, ओटी भरू देऊ, तिचं समाधान होईल. तिला कळणार कसं?

मरोळच्या बाजूला ते पत्र्याचं गोदाम होतं. आत बादशहाचं सिंहासन, त्याला टेकून तुरुंगाचे गज, त्याच्यावर अर्धं विमान. मध्ये एक माणूस हातात ब्रश घेऊन उभा होता. तावडे त्याचं नाव, माणूस मालवणचा. मी त्याला सगळं सांगितलं. आईचा नवस, अण्णांची वाचा, सगळं. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "ती देवी? तिचो आमी परवाच राक्षस केलो."

मला कळेना. त्याने मला आत नेलं. तीच होती. तेच आठ हात, तेच पाऊल, आता हिरवं. अंग सगळं हिरवं. पुढे पोट लावलेलं. सुळे, वटारलेले डोळे, आणि मिशी. मिशी म्हणजे काय मिशी, दोन्ही टोकं कानापर्यंत वळलेली.

तावडे म्हणाला, नवीन पौराणिक सिनेमाचं शूटिंग लागलं आहे, त्यांना आठ हातांचा राक्षस हवा होता. हात तयार होते, परत कोण करत बसणार. मी विचारलं, दिवसभरापुरती मिशी काढता येईल का? त्याने मिशीकडे बघितलं आणि मान हलवली. "काढूक गेलो तर नाक हातात येतला."

घरी येऊन मी मामाला खरं सांगितलं. मामा हसला नाही. म्हणाला, "ताईला आजच सांग. तू नाहीतर मी." मी म्हटलं, सांगतो, उद्या सांगतो. आणि आईला सांगितलं ते एवढंच, की देवळाचं काम रखडलं आहे म्हणून देवीला तात्पुरती अंधेरीला एका गोदामात ठेवली आहे, रंगरंगोटी चालू आहे. यातलं अंधेरी, गोदाम आणि रंग एवढं खरं होतं.

रविवारी सकाळी मी सांगणारच होतो, देवाशपथ. स्वयंपाकघरात गेलो तर आईने ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाचा करंडा, सगळं मांडलं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. अण्णांना अंघोळ घालून त्यांचा कामावरचा पांढरा शर्ट चढवला होता आणि त्यांचा भांग पाडत काहीतरी गुणगुणत होती. दिवाळीपासून त्या घरात कोणी गुणगुणलं नव्हतं. मी दारात उभा राहिलो. माझ्यामागे मामा उभा होता, सांगायच्या तयारीने. त्यानेही बघितलं, आणि गुपचूप खाली जाऊन मीटरवर फडकं बांधलं.

अण्णांना तिच्या पायांशी न्यायचंच, असा आईचा हट्ट होता. तेव्हा चौघेही निघालो.

तावडेने माणुसकी दाखवली, हे मला सांगितलंच पाहिजे. मी आधी जाऊन विनवलं होतं, म्हणून त्याने राक्षसाला हिरवी साडी गुंडाळली होती, पोट झाकलं होतं आणि तोंडावर गोणपाट बांधून ठेवलं होतं. अण्णांना बसायला खुर्ची नव्हती, म्हणून त्यांना बादशहाच्या सिंहासनावर बसवलं. सोनेरी सिंहासन, दोन्ही बाजूंना मोर, आणि मध्ये आमचे अण्णा, पांढरा शर्ट घालून, हातात काठी. ते सगळीकडे बघत होते. तुरुंग बघितला, विमान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. अण्णा आता पूर्वीचे अण्णा नाहीत, त्यांना काय कळतंय, असं मी मनाशी म्हटलं.

आईने पावलांवर पाणी घातलं. हळदकुंकू वाहिलं. मग वर बघून म्हणाली, "तोंडावर फडकं आहे. कपाळाला कुंकू कसं लावू?"

मी म्हटलं, पायांना लावलंस ना, पोचलं.

"ओटी भरायची आणि कपाळ मोकळं ठेवायचं?"

मी म्हटलं, अजून प्रतिष्ठापना झाली नाही, तोंड उघडायचं नसतं. आई म्हणाली, नमस्कारापुरतं उघडलं तर देवी रागावणार नाही. तावडे खोकला. मामा बाहेर बघायला लागला. आईने रंगकामाचं उंच स्टूल ओढलं, त्याच्यावर चढली आणि एका हाताने गोणपाट खाली ओढलं.

आईच्या नाकापासून वीतभर अंतरावर ती मिशी होती. आई बघत राहिली. मग करंडा हातात धरून, स्टुलावरच, हळूहळू वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी सोसलं असतं. तिच्या तोंडावर नुसतं काहीच नव्हतं, जसं त्या दवाखान्याच्या दिवसांत असायचं तसं.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो. तेही ठामपणे बोललो.

"आई, हे देवीचं उग्र रूप आहे."

मागून आवाज आला, "गाढव."

मला वाटलं मामा. मी वळलो, तर मामा तोंड उघडं टाकून सिंहासनाकडे बघत होता. तावडेही तिकडेच बघत होता. अण्णांचा डावा हात वर होता, बोट माझ्यावर रोखलेलं, गळ्याची शीर ताठ. त्यांनी परत म्हटलं, एकेक अक्षर सुटं करून, "गा-ढ-व."

आई स्टुलावरून कशी उतरली मला माहीत नाही. ती त्या सिंहासनापाशी जमिनीवर बसली, त्यांचे गुडघे धरले आणि म्हणाली, "काय म्हणालात? परत म्हणा."

"गाढव," अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे हलत होते.

"अजून एकदा म्हणा."

त्यांनी म्हटलं. ती हसत होती की रडत होती मला सांगता येणार नाही. मामाने तोंड रुमालात घातलं. मी तिथे उभा होतो, आणि मला इतका आनंद झाला होता की शिवी मला आहे याचंही भान नव्हतं.

मग आईने डोळे पुसले. उठली, परत स्टुलावर चढली आणि त्या राक्षसाच्या कपाळाला, मिशीच्या वर, नीट ठसठशीत कुंकू लावलं. खणानारळाने त्याची ओटी भरली. खाली उतरून त्या हिरव्या पावलावर डोकं ठेवलं.

मी हळूच म्हटलं, "आई, तो राक्षस आहे गं."

"असू दे. मी बोलले ते ह्याच पायांशी."

तावडेने रंगाचे हात जोडले.

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्ही खूश होऊन घरी गेला असता. पण पुढचं सांगायला हवं. आम्ही टॅक्सीत बसलो आणि आई त्यांना एकेक शब्द म्हणायला लावू लागली. बाळू म्हणा. विजू म्हणा. पाणी म्हणा. ते प्रयत्न करायचे आणि बाहेर पडायचं ते "गाढव". आम्ही म्हटलं, एक आला, मागून दुसरे येतील. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, एखादाच शब्द उरतो आणि तोच अडकून बसतो. वाट बघा. आम्ही वाट बघितली. दुसरा शब्द आला नाही.

पुढची सगळी वर्षं अण्णा त्या एका शब्दावर जगले. चहा हवा, गाढव. वर्तमानपत्र कुठे आहे, गाढव. आईला तर आवाजावरून सगळं कळायचं. ती आतून म्हणायची, "हो, आणते," आणि बरोबर तीच वस्तू घेऊन यायची. समाचाराला येणाऱ्यांची पंचाईत व्हायची. शेजारचे जोशी काका एकदा केळी घेऊन आले, कसं काय विचारलं, उत्तर ऐकलं आणि पुन्हा बरेच दिवस फिरकले नाहीत. देवापुढे आई त्यांना बसवायची तेव्हा ते डोळे मिटून, अगदी हळू, तेच म्हणायचे. आम्ही कोणी हसायचो नाही. एवढं सगळं मनात साठलेलं आणि दार एवढं अरुंद, हे रोज बघणं सोपं नव्हतं.

शेवटी परत त्याच दवाखान्यात नेलं. दुपारची वेळ होती, आई औषध आणायला खाली गेली होती. अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत पडले होते. मग त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि तेच म्हणाले. जेमतेम ऐकू येईल असं.

मी म्हटलं, "हो, अण्णा."

त्यानंतर ते बोलले नाहीत.

आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, देवीने ह्यांना वाचा दिली. दिली ना, मी कुठे नाही म्हणतो? पण बेताचीच दिली हो, मला हाक मारण्यापुरती.